एका कोयत्याच्या तीन वह्या

पहाटे पावणेचार

सरकारी दिवस पहाटे चारला सुरू होतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर पहिलं वेळवापर सर्वेक्षण केलं, तेव्हा आदल्या पहाटे चारपासून त्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खान्यांत भरून घेतले होते. ऊसतोड कामगारांच्या आमच्या पाहणीतही आम्ही तोच साचा घेतलाय. आपले आकडे देशाच्या आकड्यांशेजारी ठेवता आले पाहिजेत, हे त्यामागचं साधं कारण. या साच्यात पावणेचार ही वेळ सगळ्यात शेवटी येते. तिथे पोचेपर्यंत विचारणारा आणि सांगणारा दोघंही कंटाळलेले असतात आणि रात्री अकरानंतरच्या सगळ्या खान्यांत 'झोप' लिहून मोकळे होतात.

तळावर मात्र या वेळी कोणी झोपलेलं नाही. डिसेंबर आहे, गाळप जोरात आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या पट्ट्यात, माळावर ओळीने कोप्या टाकलेल्या. माणसं बीड जिल्ह्यातली, धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यातली, टायरगाडीवाली. कालच विचारून ठेवलेल्या एका कोपीपाशी मी पॅड घेऊन बसलेय. पेन्सिल, कारण दवाने शाई फुटते. बाई टाकीवरून पाणी आणून चुलीपुढे बसलीय. नवरा बैलांना वाढं टाकतोय. भाकरी थापता थापता ती धाकट्याचं पांघरूण सारखं करते, मोठीला हाक मारते, मधेच उठून बाहेरच्या दोरीवरचं लुगडं आत घेते.

यातलं मी काय लिहायचं? सरकारी नियम असा की दहा मिनिटं किंवा त्याहून जास्त चाललेलं काम खान्यात नोंदायचं. पांघरूण, हाक, लुगडं यांना दहा मिनिटं लागत नाहीत. नियमाप्रमाणे अर्धा तास 'स्वयंपाक'. माझ्या कागदावर मात्र दोन रकाने आहेत, एक हातातल्या कामाचा, दुसरा त्या कामात घुसलेल्या कामांचा. दुसरा रकाना आधी भरतो.

सकाळी साडेसात, फड

फडात धुकं उतरलेलं असतं तेव्हा तोडणी सुरूही झालेली असते. पुरुष बुडख्यातून ऊस छाटतो, बाई पाचट सोलते, वाढं वेगळं करते, मोळ्या बांधते. पुस्तकात तरी कामाची वाटणी अशी असते. समोर पाहिलं तर दोघंही तोडतायत, दोघंही सोलतायत, मोळ्या वाहणं मात्र जास्त करून तिच्या डोक्यावर. जोडीने दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस निघतो.

इथे कामाचं माप कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामाआधी घेतलेली उचल कोयत्यावर, टनामागचा भाव कोयत्याला, कामावर न आल्याचा खाडा कोयत्याच्या नावे. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. आमच्या प्रश्नावलीचं माप मात्र व्यक्ती, आणि कारखान्याचं माप टन. एकाच बांधावर तीन मापं आणि कुठलंच दुसऱ्यात सरळ बदलून घेता येत नाही. माझ्या कामातली निम्मी डोकेदुखी इथे आहे, आणि खरं सांगायचं तर निम्मी गंमतही.

फडात मी सलग पाहत नाही. आधीच चिठ्ठ्या काढून ठरवलेल्या वेळी मान वर करायची आणि त्या क्षणी कोण काय करतंय ते टिपायचं. ही रीत मानववंशशास्त्रज्ञ ॲलन जॉन्सन यांनी पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांमध्ये वापरली. त्यांचा लेख १९७५ चा. ठरावीक नसलेल्या वेळी घराशी जायचं आणि पहिल्या नजरेत दिसेल ते लिहायचं. घड्याळ न वापरणाऱ्या माणसाला 'किती वेळ लागला' हे विचारायची गरज उरत नाही, म्हणून मला ती आवडते. तिचा तोटाही उघड आहे. मान वर केली की दिसतं ते अंग, डोक्यात काय चाललंय ते दिसत नाही. बांधावर झोळी टांगलेली आहे आणि झोळीत पोर आहे. बाई ऊस सोलतेय असं मी लिहिते. तिचा एक कान झोळीकडे आहे, त्याला माझ्या कागदावर खूण नाही.

आणखी एक. मी बांधावर आले की पहिला अर्धा तास सगळे जरा जास्तच नेटाने तोडतात. तो अर्धा तास मी टिपते, पण हिशेबात धरत नाही.

साडेनऊ

न्याहारी. भाकरी, ठेचा, असलं तर कोरड्यास. पॅड पिशवीत ठेवायचा, कारण कागद दिसला की बोलणं सरळ होतं आणि सरळ बोलणं आत्ता नकोय.

"तुमचं बरंय ताई, बघायचं काम," एकजण म्हणते.

"बघायचे पैशे मिळत्यात व्हय?" दुसरी.

मिळतात, असं सांगितलं. किती, तेही सांगितलं. लपवून उपयोग नसतो, आणि आकडा ऐकल्यावर त्या आपला आकडाही सांगतात. उचल किती घेतली, त्यातली मागच्या वर्षीची किती फिटायची राहिली, वाढं विकून रोजचा बाजार कसा निघतो. वाढ्याचे पैसे बहुतेक ठिकाणी बाईच्या हातात येतात. ही गोष्ट आमच्या प्रश्नावलीत कुठेच नव्हती. 'उत्पन्नाचे स्रोत' या प्रश्नाला पुरुषांनी टनाचा भाव सांगितला होता.

बारा ते दोन

माझा सहकारी संख्याशास्त्राचा. तो या वेळी तळावर टॅब घेऊन कोपी-कोपी फिरतो. नमुना निवडलेला, प्रश्न ठरलेले, क्रम ठरलेला. काम चोख. अडचण एवढीच की भर दुपारी तळावर असतं कोण? तान्ह्यांना सांभाळणारी म्हातारी, तापाने पडलेला, नुकतीच बाळंत झालेली, आणि शाळेत असायला हवी होती ती दहा-बारा वर्षांची मुलगी. फडात असलेल्यांना संध्याकाळी गाठावं लागतं आणि संध्याकाळी त्यांना बोलायला वेळ नसतो.

पद्धत निवडताना आपण नकळत दिवसाची वेळही निवडतो आणि वेळेबरोबर माणसंही निवडली जातात. पाठ्यपुस्तकात गुणात्मक आणि संख्यात्मक अशा दोन पेट्या असतात. मैदानावर माझ्या लेखी खरी विभागणी पहाटेच्या, दुपारच्या आणि रात्रीच्या माहितीची आहे.

मोठ्या सर्वेक्षणांतही हाच घोळ मोठ्या मापात होतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत, २००७-०८ मध्ये, वर्षभरात रोजगारासाठी एक महिना किंवा जास्त पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित म्हटलं होतं. ऑक्टोबरात निघून मार्चअखेर परतणारा ऊसतोड कामगार नेमका या रेघेवर उभा. कारखाना लवकर बंद झाला तर अल्पकालीन, लांबला तर आणखी काही. ऊस किती उभा राहिला यावर माणसाची वर्गवारी बदलते.

तीन वाजता, मुकादमाची वही

मुकादम वहीचा फोटो काढू देत नाही, पण वाचून दाखवतो. त्यालाही कोणीतरी ऐकायला हवं असतं. त्याच्या मागे कारखान्याचा करार, पुढे पळून जाऊ शकणारी टोळी, आणि मधे तो. वहीत कोयत्याला पुरुषाचं नाव. उचल, खाडे, दवाखान्याला दिलेले पैसे, बैल आजारी पडला त्याची नोंद. बाईचं नाव एकाच ठिकाणी येतं, नवरा वारलेल्या एका जोडीदारणीचं, आणि तिच्यापुढे 'अर्धा' असं लिहिलंय.

कागदपत्रं पाहणारे संशोधक आणि माणसांत बसणारे संशोधक यांच्यात विद्यापीठात फार सख्य नसतं. महाराष्ट्रात असं भांडण खरं तर परवडणारं नाही. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने त्यांनी तो उभा केला, १९५० मध्ये गाळप सुरू झालं. हेच गाडगीळ पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे संचालक, वाई तालुक्यातल्या शेतीची आणि पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी करणारे. म्हणजे आपल्याकडे साखर कारखानदारी आणि पाहणीशास्त्र यांची बारशी जवळजवळ एकाच घरात झाली. सभासदाचा ऊस किलोपर्यंत मोजणारी व्यवस्था त्यातून आली. ऊस तोडणाऱ्या बाईचा तास मोजणारी आली नाही, हे मला वहीसमोर बसल्यावर दरवेळी टोचतं.

पाच, कारखान्याचा यार्ड

गाड्यांची रांग लागलेली. बैल सोडून बांधलेले, पुरुष गाडीखाली नाहीतर मोळ्यांवर. काटा होईपर्यंत कधी दोन तास, कधी अर्धी रात्र. इथे पाहायला मी बसत नाही, सहकारी बसतो. पुरुषांच्या गप्पांत एक बाई वही घेऊन बसली की गप्पा संपतात.

याच रांगेबद्दल त्याच्या टॅबमध्ये आलेली उत्तरं पाहण्यासारखी आहेत. 'काल संध्याकाळी पाच ते आठ काय केलं?' बहुतेकांचं उत्तर, "काय नाय, बसलो व्हतो." टॅबने ते विश्रांतीत टाकलं. वजनपावतीवर गाडी आत आल्याची वेळ आहे आणि काटा झाल्याचीही. पावती म्हणते, ही माणसं गाडी सोडून कुठे जाऊच शकत नव्हती. मग ते काम, वाट पाहणं की आराम? माणूस 'बसलो' म्हणतो तेही खोटं नाही, पावतीही खोटी नाही. त्याला त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत, म्हणून त्याच्या लेखी ते काम नव्हे. आम्ही त्यासाठी वेगळी खूण केली आणि आराम म्हणणाऱ्याचा शब्दही तसाच शेजारी ठेवला.

बारडोलीच्या साखरपट्ट्यात खानदेशातून जाणाऱ्या टोळ्यांचा अभ्यास डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात केला. त्या अभ्यासाला पन्नास वर्षं होत आली. रांगा अजून आहेत.

पावणेसात, टाकीपाशी

बायका फडातून परतल्यात, पाणी भरायला उभ्या आहेत. हीच गटचर्चेची वेळ. त्यांनी ठरवली, मी नाही. खुर्च्या मांडून बोलावलेल्या चर्चेला यातली एकही येत नाही.

जमिनीवर मी एक रेघ ओढते, एका टोकाला कोंबडा, दुसऱ्याला चांदण्या. उसाची पेरं हातात देते आणि म्हणते, जास्त कष्ट जिथे तिथे जास्त पेरं ठेवा. रॉबर्ट चेंबर्स यांच्यामुळे रूढ झालेली ही लोकसहभागी रीत अलीकडे इतकी राबवली गेली की तिचा विधी झालाय. तक्ते काढायचे, फोटो काढायचे, निघायचं. तरी तिच्यात एक ताकद आहे. पेर कुठे ठेवायचं यावर बायका आपसात भांडतात, आणि ते भांडण हीच माहिती असते.

"पाण्याला कशाला ठिवतीस? पाणी काय काम हाय का?"

"मग तुझा दाल्ला आणतो का?"

हशा. पेर पाण्यावर राहतं. थोड्या वेळाने कोणीतरी तिथे आणखी एक ठेवतं.

मग बोलणं न विचारता दुखण्यांकडे वळतं आणि पिशवीवर, म्हणजे गर्भाशयावर, येतं. २०१९ मध्ये हा विषय राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. दर सहाजणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या महाराष्ट्रातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास होतं. दोन्हींचे वयोगट आणि नमुने वेगळे, त्यामुळे एकाला दुसऱ्याने भागून 'इतके पट' असं छापणं बरोबर नाही. तसं छापलं गेलंही. पण फरक एवढा मोठा आहे की तो नमुन्याच्या खुसपटाने पुसला जाणार नाही. हे दाखवायला मोजणीच लागते. शंभर मुलाखती घेऊनही ते दिसलं नसतं, कारण प्रत्येक बाईला आपलं दुखणं एकटीचंच वाटत होतं.

कारणाकडे गेलं की मोजणी लंगडते. टॅबमध्ये कारणांची यादी आहे: अंगावरून जाणं, पोटदुखी, डॉक्टरांचा सल्ला, इतर. बायका त्यातलं एखादं निवडतात. टाकीपाशी चारचौघींत तीच बाई वेगळं सांगते. पाळीत फडात उभं राहवत नाही, बदलायला आडोसा नाही, घरी बसावं तर खाडा. आणि दोन दिवसांनी, चुलीपाशी एकटी असताना, आणखी वेगळं. डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली होती, घाबरून पैसे मुकादमाकडून उचलले, ते अजून फिटतायत.

यातलं खरं कोणतं, असं लोक विचारतात. प्रश्न चुकीचा आहे. टॅबला तिने दुखणं सांगितलं, बायकांना परिस्थिती सांगितली, मला भीती आणि कर्ज. तिन्ही एकाच शस्त्रक्रियेची कारणं आहेत. धोरण आखणाऱ्याने फक्त पहिलं वाचलं तर तो औषधं पाठवेल, दुसरं वाचलं तर शौचालयं, तिसरं वाचलं तर खाजगी दवाखान्यांची तपासणी लावेल. कर्जाचं तरीही कोणी काही करणार नाही.

रात्री नऊ, भाड्याच्या खोलीत

आता दिवसाच्या वह्या शेजारी-शेजारी. टॅबचे खाने, माझी पेन्सिल, मुकादमाकडून ऐकून लिहिलेले खाडे आणि पावत्यांच्या वेळा. एका कोयत्याचा एक दिवस तीन ठिकाणांहून जोडायचा.

"ताई, तिन्हींची सरासरी घेऊ," सहकारी म्हणतो. तो हे मला चिडवायला म्हणतो, पण संशोधनाच्या कितीतरी अहवालांत गंभीरपणे हेच केलेलं असतं. सामाजिक शास्त्रांत याला त्रिकोणन म्हणतात, जमीन मोजणीतून उचललेली कल्पना. दोन ठिकाणांहून कोन घेतले की तिसऱ्याची जागा पक्की होते. कॅम्पबेल आणि फिस्क यांनी १९५९ मध्ये मानसशास्त्रात अनेक पद्धतींनी एकच गुण तपासण्याची रीत मांडली, नॉर्मन डेन्झिन यांनी १९७० मध्ये ती समाजशास्त्रात रुजवली. मूळ कल्पनेत एक गृहीत आहे, की टेकडी एका जागी उभी आहे. आमची टेकडी विचारणाऱ्यानुसार सरकते. म्हणून वह्या जुळल्या तर मी पान उलटते, जुळल्या नाहीत तिथे थांबते.

याचा नमुना म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी मारिएन्थाल दाखवते. व्हिएन्नाजवळचं गिरणीचं गाव. गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांच्या गटाने १९३१-३२ च्या हिवाळ्यात तिथे काम केलं, पुस्तक १९३३ मध्ये आलं. घराघराची नोंदपत्रं, जेवणाच्या याद्या, मुलांचे शाळेतले निबंध, वाचनालयातून किती पुस्तकं गेली याचे आकडे, आणि बेकार पुरुषांनी तासातासाने भरलेले दिनक्रम. पुरुषांच्या कागदांवर दोन-तीन घटना आणि मधे लांबच लांब रिकामं. शिवाय गटातलं कोणी खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांची चाल मोजत होतं. पुरुष पुन्हा पुन्हा थांबत, बायका मात्र चालत राहत. पगारी काम दोघांचंही गेलं होतं, घरचं काम कोणाचं उरलं ते पायांनी सांगितलं. विचारून हे कळलं नसतं, कारण पुरुषाला आपण किती वेळा थांबलो हे माहीतच नव्हतं.

आमच्या देशभरच्या आकड्यांतही तेच दुसऱ्या भाषेत आहे. २०१९ मध्ये बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांना त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं लागत होती, पुरुषांना ९७. २०२४ च्या पाहणीत २८९ आणि ८८. दोघांचीही मिनिटं थोडी उतरली, अंतर जिथल्या तिथे.

सहकारी आज मात्र माझ्यावर मात करतो. त्याच्या टॅबमध्ये सगळ्या तळाचा नमुना आहे, माझ्या कागदावर मोजक्या कोप्या. ज्या कोप्यांत दहा-बारा वर्षांची मुलगी आहे, तिथे आईचे घरकामाचे तास कमी भरतात असं त्याला दिसतंय. माझ्या कोप्यांत तेवढी मुलगी कुठेच नाही. पहाटे आईने हाक मारली ती मोठीही सात वर्षांचीच. आईच्या वहीतून गळलेले तास बहुधा त्या मुलींच्या दिवसात आहेत, आणि त्यांचा दिवस आम्ही कोणीच लिहिलेला नाही. त्याच्या नमुन्यात त्या 'उत्तरदाता' नाहीत, माझ्या फडात त्या येत नाहीत, मुकादमाच्या वहीत त्या कोयत्याचा अर्धाही नाहीत. दुपारी बाराला त्या त्याला दार उघडतात आणि आई कुठे आहे ते सांगतात.

सव्वादहा

उद्याची वाटणी बदलली. तो पहाटे जाऊन मुलगी असलेल्या दोन कोप्यांशी बसेल, आधी आईबापांना विचारून. मी दुपारी तळावर थांबेन, टॅबशिवाय. मुलांकडून मिनिटं विचारून घेण्यात अर्थ नाही, म्हणून कागद आणि रंगखडू नेईन, काल काय-काय केलं ते त्या काढतील. सरकारी पाहणीत सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांचा दिवस नोंदला जातो, तेव्हा आमच्या नमुन्यात वयाची अट का होती, हा प्रश्न त्याने फॉर्मच्या कडेला लिहून ठेवलाय.

झोळी आणि कान यांचं काय करायचं यावर मात्र एकमत झालं नाही. मला प्रत्येक खान्यात एक प्रश्न हवाय, 'हे करताना लक्ष आणखी कशाकडे होतं?' त्याचं म्हणणं, त्याने मुलाखत दीडपट लांबेल आणि शेवटचे खाने आणखी पटापट 'झोप' होतील. त्याचंही खरं आहे. पहिल्या कोपीत प्रश्न घालून पाहू, दुसरीत न घालता.